तिसरा शेंगदाणा

टॅबिथा पेन्रोझचा स्वतःबद्दल एक समज होता: आपल्याला बघता येतं. अकरा महिन्यांच्या लेकीचं, फीबीचं, पोट श्वासागणिक किती वेळा वरखाली होतं हे ती मोजायची, मडक्यातल्या पाण्यात काय वळवळतं हे भिंगातून बघायची, आणि जे दिसेल ते वहीत उतरवायची. वहीच्या पहिल्या पानावर तिने सुबक अक्षरांत 'गॅम्बिया नदीकाठचं एक वर्ष' असं लिहून ठेवलं होतं. वर्ष भरायला अजून चार महिने होते, पण आशावाद घराण्यातलाच. तिचे वडील डेव्हनमधल्या एका खेड्यात धर्मोपदेशक होते. त्यांच्या चर्चमध्ये सात माणसं यायची, आणि ते दर रविवारी तीस प्रार्थनापुस्तकं मांडून ठेवायचे.

नवरा अँब्रोझ दोर आणि शिशाचा गोळा घेऊन नदीची खोली मोजायला वरच्या अंगाला गेला होता. तीन आठवड्यांत येतो म्हणाला होता, त्याला आता सात आठवडे होत आले होते. नदी बहुधा त्याच्या अपेक्षेपेक्षा खोल निघाली असावी. आठ महिन्यांपूर्वी गावात आल्या आल्याच त्याने बायकोला आणि पोरीला सांकुंग सिसे या गावप्रमुखाच्या अंगणातल्या एका गोल झोपडीत ठेवलं होतं. पाहुणा ज्याच्या अंगणात उतरतो त्याचं आडनाव त्याला मिळतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी टॅबिथाची ताबी सिसे झाली. वहीत तिने या रिवाजाला 'एक मजेशीर चाल' म्हणून दोन ओळी दिल्या आणि पुढच्या तीन पानांत पेज कशी रटरटते याचं वर्णन केलं.

याच पेजेवरून लंडनचे प्रकाशक मिस्टर ग्रिंडल तिच्यावर घसरले होते. 'मॅडम,' त्यांनी लिहिलं होतं, 'आपल्या पहिल्या तीन प्रकरणांत पेजेचा उल्लेख एकोणीस वेळा आला आहे आणि धोक्याचा एकदा. तो साप होता, आणि मेलेला होता. वाचकांना आफ्रिकेत कोणीतरी संकटात सापडलेलं आवडतं. शक्यतो लेखिका स्वतः.'

टॅबिथाला हे फार लागलं होतं. संकट यावं म्हणून माणसाने करायचं तरी काय? आठ महिन्यांत तिच्यावर झालेला सगळ्यात मोठा हल्ला एका शेळीचा होता. त्या शेळीने दुसऱ्या प्रकरणाचा शेवट खाल्ला, आणि खरं सांगायचं तर प्रकरण त्यामुळे सुधारलं.

मग एका दुपारी मुसुकेबा तुरे आली.

मुसुकेबा काही नवी नव्हती. नदीच्या उतारावर तिचे निळीचे रांजण होते. कोपरापर्यंत निळे हात घेऊन ही म्हातारी दर दोन दिवसांनी अंगणात शिरायची आणि फाटकातूनच ओरडायची.

"ए माझ्या गुलामा! उठ की! मालकीण दारात उभी आणि हा बसलाय चवळी ओरपत!"

ज्याच्यासमोर अख्खं गाव आवाज खाली करून बोलायचं, तो सत्तरीचा सांकुंग चटईवरून मान वर करायचा. "मालकीण? अगं, तुझ्या आजीला माझ्या आजोबांनी मूठभर चवळीवर घेतली होती. त्यातली अर्धी तिने वाटेतच खाल्ली!"

टॅबिथाला एव्हाना मंदिंका भाषा चांगली कळायला लागली होती, आणि तिला त्याचा अभिमानही होता. ऐकलेला शब्द न् शब्द तिला समजला. तिने वहीत लिहिलं: 'येथील गावप्रमुख हा एका रंगारी बाईचा गुलाम असून, बिचारा हे दुःख हसण्यावारी नेतो.' त्या दिवशी तिला इतकी कणव आली की तिने घरातली एकुलती एक खुर्ची सांकुंगला नेऊन दिली. सांकुंगने ती घेतली, तिच्यात बसून पाहिलं, आणि ती परत काही आली नाही.

तर त्या दुपारी सांकुंग घरी नव्हता. मुसुकेबाने अंगणभर नजर फिरवली. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, म्हणून नजर फिरवायची म्हणजे तिला अख्खी मान फिरवावी लागायची. ती मान फीबीच्या चटईपाशी येऊन थांबली.

"अगं बाई! काय कुरूप पोर आहे! उंदराने पाहिली तर गाव सोडून जाईल." ती खाली वाकली. "ही माझी. रांजण ढवळायला होईल. ए ताबी, हात पुढे कर."

हात पुढे कर म्हटलं की हात पुढे करायचा, असं टॅबिथाला लहानपणापासून शिकवलेलं. तिने केला. मुसुकेबाने त्यावर तीन शेंगदाणे ठेवले.

"झाला सौदा. उद्या सकाळी न्यायला येते." असं म्हणून तिने फीबीच्या कपाळावर अंगठा दाबला आणि आली तशी निघून गेली. कपाळावर निळा, ठसठशीत ठसा उमटला.

टॅबिथा एवढा सगळा वेळ हसत होती. घाबरली की तिला हसायला यायचं, ही एक खोड. दुसरी खोड अशी, की काळजी वाटायला लागली की हाताला लागेल ते तोंडात टाकायचं. मुसुकेबा फाटकाबाहेर पडली, तिच्या बोलण्याचा अर्थ टॅबिथाच्या डोक्यात हळूहळू उतरला, आणि तोवर दोन शेंगदाणे खाऊन झाले होते.

तिने हातातल्या तिसऱ्याकडे पाहिलं. पोटच्या पोरीची किंमत, आणि आपण ती चावून खाल्ली. चांगली भाजलेलीसुद्धा होती.

ही तीच टॅबिथा होती, जिने लग्नाआधी गुलामांच्या घामाची साखर नको म्हणून सहा वर्षं चहा कडू प्यायला होता. मुरंबा चालायचा, कारण मुरंब्यातली साखर दिसत नाही. तेव्हा ती दारोदार हिंडून अर्जांवर सह्या गोळा करायची. गुलामगिरी म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे साखळदंड यायचे, चाबूक यायचे. ती कधी खाऊ घेऊन येईल, हे तिच्या कल्पनेतही नव्हतं.

तिने फीबीचं कपाळ साबणाने घासलं. फीबीने टाहो फोडला, ठसा फिका झाला, पण गेला नाही. आणि टॅबिथाच्या भीतीच्या शेजारीच, नीटनेटके कपडे घालून, एक लहानसा आनंद बसला होता. संकट आलं होतं! मेलेल्या सापानंतर पहिल्यांदाच. हे तिने पुढे कबूल केलं, पण पुष्कळ उशिरा, आणि तेही फक्त स्वतःपाशी.

संध्याकाळपर्यंत दोन लिफाफे तयार झाले. पहिला नदीच्या मुखावरच्या किल्ल्यातल्या कमांडंटसाहेबांना: मुसुकेबा तुरे नावाची बाई लहान मुलांचा व्यापार करते, आज तिने एका इंग्रज बालिकेवर निशाणी केली आहे, ताबडतोब शिपाई पाठवावेत. पुरावा म्हणून तिसरा शेंगदाणा कागदात गुंडाळून आत ठेवला. दुसरा लिफाफा जाडजूड होता, मिस्टर ग्रिंडल यांच्या नावाचा. त्यात नवं प्रकरण होतं: 'माझ्या पोटच्या गोळ्याची विक्री.' या प्रकरणातल्या मुसुकेबाचे दोन्ही डोळे अंगारासारखे होते. पेज एकदाही आली नव्हती.

सकाळी तिने दोन्ही लिफाफे फोडे तुरेच्या हातात दिले. फोडे किल्ल्याची टपाल होडी चालवायचा. सडपातळ, गंभीर माणूस. पिशवीत पडलेला कागद किल्ल्यातच बाहेर निघेल, अशी त्याने पवित्र ग्रंथावर हात ठेवून शपथ घेतलेली. एकदा एक व्यापारी आपलं पत्र परत मिळावं म्हणून धक्क्यावर ढसाढसा रडला होता. फोडेने त्याला डोळे पुसायला फडकं दिलं. पत्र नाही दिलं.

"नीट जाईल ना?" टॅबिथाने विचारलं.

"बाईसाहेब," फोडे पिशवीचं तोंड शिवत म्हणाला, "मी बुडेन. पिशवी बुडणार नाही."

ती निश्चिंत मनाने घरी आली आणि छत्री घेऊन झोपडीच्या दारात उभी राहिली.

मुसुकेबा आली ती ओरडतच. "कुठे आहे माझी कुरूप? न्हाऊ घातलीस का?"

"न्यीमाआई!" टॅबिथा किंचाळली. "हिला आत येऊ देऊ नका!"

सांकुंगची बायको न्यीमा उखळात बाजरी कांडत होती. तिने मुसळ थांबवलं. "का गं? काय झालं?"

"ही म्हणते, हिने फीबीला विकत घेतलंय!"

"बरं. कितीला?"

"तीन शेंगदाण्यांना!"

"तीन!" न्यीमा मुसळावर रेलली. "माझ्या थोरल्याला एकच दिला होता हिने. तोही किडका. तुझ्या पोरीचा मान मोठा दिसतोय."

आणि ती हसायला लागली. आधी खांदे हलले, मग पोट, मग मुसळ हातातून गळून पडलं. मुसुकेबा एका डोळ्याने छत्रीचं निरीक्षण करत होती.

"ही कुणासाठी?" तिने विचारलं. "पाऊस तर दिसत नाही."

"अगं वेडे," न्यीमा डोळे पुसत टॅबिथाजवळ आली, "ही तुरे, आम्ही सिसे. आमच्यात भांडायचं नाही, मनात धरायचं नाही, एकाने मागितलं तर दुसऱ्याने नाही म्हणायचं नाही. पणजोबांच्याही आधीपासून ठरलंय. मग इतकं गोड वागायचं म्हणजे माणूस गुदमरणार नाही का? म्हणून शिव्या. ती आम्हाला गुलाम म्हणणार, आम्ही तिला; पोरांचा सौदाही असाच लुटूपुटूचा. आणि पोर कुरूप म्हणते ते दृष्ट लागू नये म्हणून. परक्या बाईच्या पोरीला ती 'छान आहे हो' म्हणाली असती आणि पुढे गेली असती. तुला शिवी मिळायला आठ महिने लागले, ताबी. आणि तू छत्री घेऊन उभी!"

"आणि कपाळावरची निशाणी?"

"तिचे हात बघ. माझी शेळीसुद्धा निळी आहे."

टॅबिथाने शेळीकडे पाहिलं. खरंच, पाठीवर पाच बोटं होती. आठ महिने बघणाऱ्या बाईला ती आज दिसली.

"रांजण उतू जाईल माझा," मुसुकेबा वळली. "संध्याकाळी येते. तोवर दूध पाजून ठेव, रिकाम्या पोटी मी माल घेत नाही."

ती गेली. छत्री हळूहळू खाली आली. टॅबिथा उंबऱ्यावर बसली.

"आई," ती बारीक आवाजात म्हणाली, "मी पत्र लिहिलंय. किल्ल्यात. शिपाई पाठवा म्हणून."

न्यीमाचं हसू जागच्या जागी विरलं. "नाव घातलंस?"

"दोनदा. गावासकट."

गेल्या साली असंच कुणाचंतरी पत्र गेलं होतं आणि शिपाई येऊन पलीकडच्या गावातल्या विणकराला घेऊन गेले होते. माणूस चुकीचा होता, हे किल्ल्यातल्यांनाही पुढे कळलं म्हणे. तोवर तो तापाने गेला होता.

"फोडेची होडी नदीच्या वळशाने जाते," न्यीमा म्हणाली. "मोठ्या धक्क्यावर मेण आणि कातडी भरून दुपारच्या ओहोटीची वाट बघते. भातखाचरांतून आडवं गेलं तर गाठता येईल. ऊठ. वाक."

तिने फीबीला टॅबिथाच्या पाठीशी फडक्याने घट्ट बांधलं, आणि दोघी निघाल्या.

बांधावरून चालायची एक कला असते. टॅबिथाला ती येत नव्हती. तिचा एक बूट चिखलाने ठेवून घेतला. नंतर दुसराही तिने आपणहून सोडून दिला, निदान चाल तरी सारखी होईल म्हणून. एकदा ती गुडघ्यांवर पडली, तेव्हा पाठीवरची फीबी खदखदून हसली. लहान मुलाला उन्हात काय बांधावं आणि काय बांधू नये, यावर टॅबिथाकडे एक जाडजूड पुस्तक होतं. ते एका अविवाहित डॉक्टरांनी लिहिलेलं होतं, आणि या प्रसंगाचा त्यात विचार केलेला नव्हता.

"हे बघ," पुढून न्यीमा सांगत होती, "फोडे तुरे आहे. तू सिसे. विनवण्या करू नकोस. मागायचं."

"कसं मागायचं?"

"मालकिणीने मागावं तसं. शिव्या घालून."

"मला नाही जमायचं ते."

"मग मुसुकेबाला काय सांगायचं ते ठरव."

धक्क्यावर पोचल्या तेव्हा होडी भरली होती. पाणी थबकलं होतं, आता उतरायला लागणार. चार माणसं दोरापाशी उभी होती, आणि कातड्यांच्या ढिगावर बसलेल्या बायका जाणाऱ्यांना निरोप देत होत्या.

"फोडे," टॅबिथा धापा टाकत म्हणाली, "कृपा करून, मी सकाळी दिलेली पत्रं... फार मोठी चूक झाली आहे. आपण जर मेहेरबानी केलीत..."

"बाईसाहेब," फोडे अदबीने म्हणाला, "पिशवी किल्ल्यात उघडते." आणि त्याने खिशातून फडकं काढलं.

न्यीमा कातड्यांच्या ढिगावर जाऊन बसली. "सांगितलं होतं मी," ती कुणाला उद्देशून न बोलता म्हणाली.

दोर सुटायला लागला. टॅबिथाने तोंड उघडलं. सहा वर्षांचा कडू चहा घशाशी आला. वडील आठवले, सह्यांचे अर्ज आठवले.

"तू," ती म्हणाली, "तू माझा गुलाम आहेस. असं मला वाटतं."

फोडेने कानामागे हात धरला. "कोण बोललं? बगळा का?"

बायका हसल्या. होडी हातभर सरकली. टॅबिथाच्या मानेला काहीतरी ओलं लागलं. फीबी खांद्यावर कपाळ घासत होती, आणि घामाने सुटलेला निळा रंग टॅबिथाच्या गळपट्टीवर उतरला होता. त्या निळ्या डागाकडे पाहून तिला मुसुकेबा किल्ल्याच्या दारात दिसली. मान फिरवून फिरवून एका डोळ्याने शिपायांकडे बघणारी.

"ए चवळीखाऊ!" टॅबिथा ओरडली. पायाखालच्या फळ्या हादरल्यासारखं तिला वाटलं. "माझे कागद घेऊन कुठे निघालास? तुझा बाप माझ्या अंगणात मडकी घासायचा, आणि नीट घासायचा नाही! तुझ्या आजीला आम्ही अर्ध्या पेजेवर घेतली, उरलेली अर्धी मागायला तू अजून येतोस! लाज नाही वाटत? उतर खाली, माझ्या गुलामा! आत्ताच्या आत्ता!"

कुणीतरी शिट्टी वाजवली. फोडेचा गंभीर चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत हळूहळू उलगडत गेला. या माणसाला दात आहेत, हे टॅबिथाला आज कळलं.

"सिसे!" तो ओरडला आणि पिशवी डोक्यावर धरून कमरेएवढ्या पाण्यात उडी मारून आला. "आधी नाही का सांगायचं, माझ्या गुलामिणी? इतके महिने पत्रं देतेस, आणि मी आपला समजत होतो, तू इंग्रज!"

"आणि शपथ?"

"शपथ माझी आहे. पण सिसेने मागितल्यावर तुरे नाही म्हणाला, तर मेल्यावर आजोबांना कोणतं तोंड दाखवू? किल्ल्यातल्या साहेबाची समजूत काढता येईल. आजोबांची नाही काढता यायची." त्याने सुरीने पिशवीची शिवण उसवली. "मडक्यांचं चांगलं होतं. पेजेचं मात्र अगदीच कच्चं. सराव कर."

कमांडंटसाहेबांचा लिफाफा त्याने तिच्या हातात दिला. आतला उंचवटा बोटाला लागला. मग त्याने दुसरा, जाडजूड लिफाफा वर धरला. "हेही?"

आता खरं सांगायला हवं. टॅबिथा थांबली. तिने आजवर लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं प्रकरण होतं. लंडन लांब, तिथे मुसुकेबाला कोण ओळखणार? मिस्टर ग्रिंडल खूश झाले असते. तिने ओहोटीकडे पाहिलं, मग न्यीमाकडे. न्यीमा दुसरीकडे बघत होती, आणि तेच वाईट होतं.

"हेही," टॅबिथा म्हणाली. फार जोरात नाही म्हणाली, पण म्हणाली.

परत यायला उन्हं उतरली. मुसुकेबा रांजणातून कापड उपसत होती. टॅबिथा अनवाणी, चिखलाने भरलेली, तिच्यापुढे उभी राहिली आणि दोन्ही लिफाफे फोडून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिच्या भाषेत वाचून दाखवले. वाचताना तिला स्वतःचं गद्य पहिल्यांदा ऐकू आलं. विशेषणं फार होती.

मुसुकेबाचे हात रांजणातच राहिले.

"माझी धाकटी बहीण," मुसुकेबा अखेर म्हणाली, "सात वर्षांची होती. पाणवठ्यावरून नेली. साखळीला बांधून. शेंगदाणे नव्हते दिले कुणी." तिने कापड पिळलं. "म्हणून तुझी भीती कळते मला. भीतीचं काही नाही. पण तू शिपायांना सांगितलंस, ताबी, आणि मला विचारलं नाहीस. मी तर हाकेच्या अंतरावर होते."

टॅबिथाची उत्तरं एरवी लांबलचक असायची.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

मुसुकेबाने मान वळवून तिला नीट पाहिलं. चिखल पाहिला, बूट नसलेले पाय पाहिले.

"डोळे अंगारासारखे," ती म्हणाली. "दोन्ही?"

"दोन्ही."

"चला, तुझ्या कागदात तरी दुसरा बरा झाला." तिने निथळणारे हात पुढे केले. "आण इकडे माझी कुरूप. हात ओले आहेत, निळे आहेत. चालेल का?"

हात न धुता कुणी फीबीला नुसतं शिवलेलंसुद्धा टॅबिथाला चालायचं नाही. तिने फडक्याची गाठ सोडली. पोर पाठीवरून पुढे घेतली, आणि एकदा, फक्त एकदा, तिचं पोट वरखाली होतंय ना ते पाहून ती त्या निळ्या हातांत दिली. फीबीने मुसुकेबाचं नाक धरलं.

"कुरूप तर कुरूप, वर आगाऊसुद्धा," मुसुकेबा म्हणाली. नाक मात्र तिने सोडवून घेतलं नाही.

पुरावा अजून टॅबिथाच्या खिशात होता. तिने कागद काढून उलगडला. शेंगदाणा प्रवासात जरा चेपला होता. न्यीमा बघत होती, मुसुकेबाही एका डोळ्याने बघत होती. टॅबिथाने तो तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"कसा आहे?" मुसुकेबाने विचारलं.

"खवट," टॅबिथा म्हणाली. "तुरेंच्या घरचा. आणखी कसा असणार?"

न्यीमाने तोंडावर हात ठेवला. मुसुकेबा फीबीला कडेवर सावरत रांजणाकडे वळली. "हळूहळू जमेल," ती पोरीला सांगत होती, "तुझ्या आईला हळूहळू जमेल."